तानी नसलेली कादंबरी

'पानोपानी'च्या प्रयोगशाळेत सगळे पेढे खात होते, तेव्हा ऋजुता वर्दे खिडकीपाशी उभी राहून सांगलीला आईशी फोनवर बोलत होती. पेढ्यांचं कारणही तसंच होतं. पुस्तकवेड्यांसाठी ऋजुताने रचलेल्या या अ‍ॅपवर आता हाती घेतलेलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं जात होतं. पूर्वी अ‍ॅप नुसती नोंद ठेवी, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. वाचकमंडळी बोलायला शूर. अर्धवट टाकलेल्या पुस्तकांची रांग रोज डोळ्यांपुढे आली, की बिचारी पुस्तक पुरं करायचं सोडून अ‍ॅपच काढून टाकत.

त्यावर उतारा म्हणून ऋजुताची सहकारी, दृष्टिवैज्ञानिक डॉ. शमीम तांबोळी हिने 'ओघ' ही यंत्रणा तयार केली. फोनचा कॅमेरा वाचणाऱ्याची नजर टिपायचा. नजर कुठे अडखळली, पुस्तक कुठल्या शब्दापाशी मिटलं, हे ओघ शिकायचा आणि फक्त त्या वाचकापुरता मजकूर बेताबेताने बदलायचा. आधी अक्षरांचा आकार, मग लांबलचक वाक्यं, मग प्रकाशकांच्या संमतीने आणखी थोडं काही. ते 'थोडं काही' म्हणजे नेमकं काय, हे पेढे वाटायच्या दिवशी कोण विचारतो?

"आई, तू अ‍ॅपवर वाचलीस ती मिठागरावरची कादंबरी मी छापील आणून वाचली," ऋजुता सांगत होती. "तानी बोर्डिंगला जाते ना, तिथे मला रडूच आलं."

"कोण तानी?"

"अगं, भागीची मुलगी!"

"भागीला कुठे मूलबाळ आहे?" हेमलताबाई हसल्या. "दुसरंच काहीतरी वाचलं असशील तू. लक्ष कुठे असतं तुझं! बरं, ठेवते. नवं पुस्तक घेतलंय, छान चाललंय."

तानी निम्म्या कादंबरीभर होती. हेमलताबाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता, आणि जुने विद्यार्थी त्यांना अजून बापाच्या नावासकट आठवत. तीच आई आता वाचलेलं विसरू लागली? ऋजुताने शमीमला बाजूला घेतलं.

"आईला डॉक्टरांकडे न्यावं लागणार, शमीम."

"थांब. आधी त्यांची प्रत तर बघू."

आईची संमती घेऊन शमीमने ती प्रत पडद्यावर उघडली. तानी कुठेच नव्हती. बोर्डिंगच्या प्रसंगात भागी सकाळी धक्क्यावर जात होती आणि संध्याकाळी एकटीच परत येत होती. ती कुणाला पोचवायला गेली होती, हे गावात कुणी विचारत नव्हतं. ऋजुताने दुसरं पुस्तक उघडलं. त्या राजघराण्यात तिन्ही राजकन्या जन्मल्याच नव्हत्या. तिसऱ्या, विनोदी पुस्तकात मांडव होता, वाजंत्री होती, जेवणावरून रुसवेफुगवेही होते. फक्त नवरी कुणाची, ते कळत नव्हतं. आईच्या साऱ्या पुस्तकांत मुलगी कुणालाच नव्हती.

"तिला मुलीबद्दल वाचवत नाही?" ऋजुता पुटपुटली. "इतका कंटाळा आलाय माझा?"

"ओघाला आवडनिवड कळत नाही गं. त्याला एकच कळतं, पुस्तक खाली ठेवलं गेलं. आणि त्याला एकच काम दिलंय, ते ठेवलं जाऊ नये." शमीमने जुन्या नोंदी वर आणल्या. "हे बघ. गोष्टीत कुणाची मुलगी आली की तुझ्या आईची नजर थांबायची आणि पुस्तक मिटायचं. दर वेळी. मिटल्यावर त्या काय करायच्या, ते ओघाला दिसत नाही."

ऋजुताला मात्र दिसलं. तिने आपल्या फोनमधले आईचे जुने कॉल काढले आणि पुस्तक मिटल्याच्या वेळांशेजारी धरले. प्रत्येक मिटण्यापाठोपाठ एक फोन होता. 'काही नाही गं, सहज केला.' 'जेवलीस का?' 'खोकला गेला?' ऐन मीटिंगमध्ये येणारे ते फोन तिला नकोसे व्हायचे. दिवाळीनंतर ते विरत गेले, तेव्हा आई वाचनात रमली म्हणून तिने सुटकेचा श्वासच सोडला होता. आता तिला हुंदका आवरेना.

"म्हणजे आई मला फोन करायला उठायची, म्हणून यानं..."

"हो. पुस्तकाच्या लेखी तो अडथळाच." शमीमचाही चेहरा उतरला होता. "लाखो लोक वाचतात आपल्या अ‍ॅपवर, ऋजुता. कुणाच्या पुस्तकातून कोण गेलं असेल, देव जाणे. मी आत्ता सगळीकडे बंद करते. पण एक सांगते, नजरेला वळण लागतं. न अडता जायची सवय झाली, की मूळ मजकूर दिला तरी ती अडेलच असं नाही."

ते ऐकायला ऋजुता थांबली नाही. संध्याकाळी ती सांगलीला पोचली. हेमलताबाई झोपाळ्यावर वाचत बसल्या होत्या.

"आलीस? आमटी झाकून ठेवलीय, घे वाढून," त्या मान वर न करता म्हणाल्या.

ऋजुता समोरच्या खुर्चीवर बसली. "आई, जेवू नंतर. आधी एवढी दोन पानं वाच माझ्यासाठी." तिने मिठागरावरची मूळ कादंबरी फोनवर काढून दिली. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तानी बोर्डिंगला निघते, तीच पानं.

आई वाचू लागली. आई एका जागी थांबली, तिने चष्मा सारखा केला, कपाळाला आठी घातली. आता ती फोन खाली ठेवेल. आता म्हणेल, तू सांगली सोडलीस तो दिवस आठवला गं.

"बिघडलंय का हे तुझं अ‍ॅप?" आई म्हणाली. "ही पोर मधेच कुठून घुसवली? तिच्यापायी सगळं अडतंय. पहिल्यासारखं करून दे बाई."

"आई, इकडे बघ ना. माझ्याकडे बघ."

हेमलताबाईंनी मान वर केली. त्यांची नजर ऋजुताच्या चेहऱ्यावर आली, कुठेही न अडखळता त्यावरून पुढे गेली आणि पुन्हा पुस्तकात शिरली.