नाव घेतलेली घागर

लाइट इतक्यात येत नाही, पोरांनो. ट्रान्सफॉर्मर उडालाय, मी आवाज ऐकला. तेव्हा गच्चीवरच पसरा. आणि ललित, तो मोबाइल पालथा घाल, डोळ्यांत उजेड मारतोय. गोष्ट सांगतो. बनवलेली नाही. आपला धुडकू, त्याची बायको शोभाबाई, तिच्या घरी घडलेली. धुडकू आणि मी एकाच कारखान्यात समोरासमोरच्या लूमवर उभे राहून म्हातारे झालो. माणूस इतका सरळ, की आजारपणाची खोटी रजासुद्धा त्याने कधी टाकली नाही. त्याने सांगितलं म्हणून मी सांगतो.

गेल्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बुधवारी होती. ही मंगळवारची रात्र. त्या दुपारी शोभाबाई रिक्षा करून कुंभाराकडे गेली होती, घागरी आणायला. सात घागरी. दोन मांडीवर, बाकीच्या पायाशी गोधडीत गुंडाळलेल्या. सुरतेतले आपल्या लिंबायतचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वर-खाली. रिक्षावाल्याने विचारलं, एका घराला एवढ्या घागरी कशाला? ती म्हणाली, "घरच्या नाहीत, गल्लीच्या आहेत." आपल्याला हमालासारखं पाठवलंय हे तिला डाचत होतं.

झालं होतं असं. होळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याला आपल्या खानदेशातली खैरवस्ती वणव्यात जळाली. डोंगरावरचं गवत पेटलं, वारा फिरला आणि आग भरदुपारी घरांवर उतरली. सात माणसं गेली. वाचले त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्याशिवाय काही उरलं नाही. आपल्या निम्म्या गल्लीचं तिकडे कोणी ना कोणी. मग काय, घराघरातून भांडी, धान्य, साड्या निघाल्या. रोज संध्याकाळी देवीच्या ओट्यावर दिवा लावून बायका बसायच्या, वाचलेल्यांना सांभाळ, गेलेल्यांना थंडावा दे म्हणून हात जोडायच्या. लूमवर अर्ध्या दिवसाचा खाडा करून माणसं सामान बांधायला यायची. माणूस वाईट नसतो रे. जवळ कमी असलं तरी देतो.

हे सगळं उभं केलं सरलाबाईने. नवरा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात, गल्लीत येऊन तीनच वर्षं झालेली, पण बोलणं असं की समोरचा खिशात हात घालतोच. आणि शोभाबाई? वीस वर्षं गल्लीत श्रावणातली कानबाई देवी तिच्या हाताने बसायची. आखाजीचं गाणं तिने उचलल्याशिवाय दुसरी बाई तोंड उघडायची नाही. आता जो तो "सरलाताई, सरलाताई." वणवा तिकडे विझला, पण शोभाबाईच्या पोटात पेटला तो पेटलाच.

तिने काही कमी दिलं नव्हतं. लग्नातला पितळी हंडा दिला तिने, आईने दिलेला. सरलाबाईने माइकवर सगळ्यांची नावं घेतली आणि हिचं राहिलं. मुद्दाम नव्हे, राहिलं. पण ज्याचं राहतं त्याला ते मुद्दामच वाटतं. रात्री धुडकूच्या ताटात भाकरी आपटत म्हणाली, "मना हंडा कोनलेच दिसना नही."

"देवले दिसना ना? मंग बस," धुडकू म्हणाला.

नवऱ्याने असं बोलून कधी कोणाची आग विझलीय?

त्यात वर्षा आली. वस्तीवरची सोळा-सतरा वर्षांची पोर. आग लागली तेव्हा ती विहिरीवर होती, आई मंदाबाई घरात. धूर बघून पोर बायकांसोबत नदीकडे पळाली, आई राहिली ती राहिलीच. पोरीच्या हाताला भाजलेलं होतं, औषधासाठी तिला सुरतेला आणलं. शोभाबाईला पोटी मूल नाही. तिने अंथरूण घालून ठेवलं होतं, पोर आपल्याकडे राहील म्हणून. ती राहिली सरलाबाईकडे आणि तिलाच मावशी म्हणू लागली. मला विचाराल तर शोभाबाईला खरं लागलं ते हे. हंडा निमित्ताला.

आखाजी जवळ आली तेव्हा सरलाबाई ओट्यावर त्या जळून गेलेल्या सात जणांबद्दल म्हणाली, "जयी मरेल मानसे शेतस ती. त्यास्ले पानी कोन दी? आपण भरू त्यांच्या घागरी."

तुम्ही इथेच जन्मलात, म्हणून सांगतो. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. गेलेल्या माणसाला वर्षभराची तहान असते, ती त्या दिवशी भागते. मातीची घागर पाझरते, सकाळी पाणी बोटभर उतरलेलं असतं. उतरलं की म्हणायचं, आला आणि पिऊन गेला. खरी घागर आखाजीच्या सकाळी भरतात. पण बुधवारी पहाटेच सामानाचा टेंपो वर्षाला घेऊन वस्तीवर निघायचा होता, म्हणून सरलाबाईने आदल्या संध्याकाळीच भरायचं ठरवलं. शोभाबाई म्हणाली, ही आपली रीत नाही. तिचं कोणी ऐकलं नाही. उलट घागरी आणायला तिलाच पाठवलं.

दिवेलागणीला सरलाबाईच्या ओट्यावर सात घागरी ओळीने मांडल्या. एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि पाणी ओतायचं. शेवटची वर्षाने भरली. "मंदाबाई," एवढंच म्हणाली आणि रिकामा तांब्या तसाच धरून राहिली. सरलाबाईने तिला छातीशी धरलं. कोणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. शोभाबाई भिंतीला टेकून बघत होती.

आता आपल्यात एक म्हणणं आहे, आणि शोभाबाईला ते पाठ होतं, तिनेच गल्लीला शिकवलेलं. नाव घेतलेली घागर दुसऱ्याच्या उंबऱ्याआत नेऊ नये. पाणी जाईल तिकडे पिणारा जातो.

धुडकू रातपाळीला गेला. गल्ली निजली. द्वितीयेची चंद्रकोर कधीच मावळलेली, गल्लीत मिट्ट काळोख. शोभाबाईला झोप कुठली! डोळ्यांपुढे तेच, पोर त्या बाईच्या छातीशी. तिच्या मनात आलं, सकाळी ओळीत एक घागर कमी निघाली तर? सगळ्यांसमोर सरलाबाईचं तोंड कसं होईल? बास, एवढंच तिला बघायचं होतं. ती उठली, अनवाणी गेली, कडेची घागर उचलून कमरेवर घेतली. कुणाची, ते अंधारात बघितलंही नाही. रोजच्या पाण्यासारखी घरात आणली आणि मोरीत उपडी केली. पाणी गडगडत नळीतून गेलं. रिकामी घागर तिने खाटेखाली सरकवली आणि आडवी झाली. बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

जाग आली ती आवाजाने.

मोरीतून येत होता. चप्… चप्… चप्…

काय म्हणालास? "बिल्ली होगी"? तिलाही तेच वाटलं. ती पडल्या पडल्या "हाड" म्हणाली. आवाज थांबला नाही. मांजर दमतं, थांबतं, इकडे तिकडे बघतं. हे थांबत नव्हतं. अधाशासारखं चाललं होतं.

मग वास आला. जळक्या गवताचा.

ती उठून बसली. मागच्या मोठ्या रस्त्याच्या दिव्याची एक तिरीप खिडकीतून मोरीच्या कठड्यावर पडते. त्या तिरिपेत पाठ दिसली. बाईची. ओणवी झालेली. डोकं खाली, तोंड मोरीच्या भोकाशी. उजवा हात फरशीवर. डावा हात मागे, कमरेवर, तळवा बाहेर.

फरशी चाटत होती ती.

"कोन शे वं?"

चप्… चप्…

तरी शोभाबाई उठली. बाई धीराची, त्यात शंका नाही. माठातून तांब्या भरला. लांबूनच पुढे केला.

"हाई ले वं माय… ताजं पानी शे…"

चाटणं थांबलं.

डोकं हळूहळू वर आलं. वळलं नाही. नुसतं वर आलं. केस नव्हते. तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला तांब्यातलं पाणी नको होतं. नाव घेतलेलं हवं होतं…

आणि ते नळीतून गेलं होतं.

डोकं पुन्हा खाली गेलं.

चप्…

शोभाबाईच्या हातातून तांब्या पडला. खाटेखालची घागर ओढली. माठातल्या पाण्याने भरली. काठोकाठ. मोरीकडे न बघता दार उघडलं आणि पळत सुटली. सरलाबाईच्या ओट्यावर घागर होती तिथे ठेवली. मग घरी परत जायची तिची हिंमत झाली नाही. देवीच्या ओट्यावर उजाडेपर्यंत बसून राहिली.

उजाडताच बायका जमल्या. टेंपो नाक्यावर येऊन उभा. सरलाबाईने घागरी बघितल्या. पहिली, पाणी बोटभर उतरलेलं. दुसरी, तशीच. सहाही घागरींचं पाणी खाली गेलेलं. सातवी, मंदाबाईची, काठोकाठ. थेंब हललेला नाही.

शोभाबाईला तेव्हा कळलं, रात्री कोणाची घागर उचलली ती.

तुम्ही म्हणाल, उशिरा भरलेली घागर, पाझरायला वेळच कुठे मिळाला? बरोबर आहे. पण वर्षाला ते कुठे ठाऊक! ती घागरीपुढे बसली. रडली नाही, ओरडली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "मनी माय उनी नही. मी तिले टाकीसन पयनू, म्हणीसन ती उनी नही." टाकून पळाले म्हणून आई आली नाही, असं पोरीने धरलं.

सरलाबाईने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, नाना तऱ्हेने समजावलं. पोर दगड झालेली. टेंपोत बसायला उठेना. औषध नको म्हणाली, बांधलेली पट्टी सोडायला लागली.

शोभाबाई भिंतीला टेकून उभी. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. सरलाबाईचं तोंड उतरलेलं बघायचं होतं ना? उतरलं होतं. हवं ते सगळं झालं होतं. पण पोर स्वतःच्या हाताची पट्टी ओरबाडत होती, आणि ते तिला बघवेना.

ती पुढे झाली. "उनी व्हती वं पोरी. तुनी माय उनी व्हती. मना घर."

बायका एकदम तिच्याकडे वळल्या. सरलाबाईचा आवाज चढला, "पित्तर बी तुनाच घर येतस का वं शोभा? मेलेल्या माणसावर तरी हक्क सांगू नको."

कोणीतरी हसलं. दुसरी म्हणाली, हिला इथेही मोठेपणा हवा. मग शोभाबाईने सगळं सांगितलं. घागर चोरली, उंबऱ्याआत नेली, मोरीत ओतली, का ओतली तेही. "तुझ्यावर जळत होते," असं सरलाबाईच्या तोंडावर म्हणाली. वीस वर्षांचा मान तिने त्या ओट्यावर एका दमात घालवला, आणि तरीही तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. घागर चोरली हे पटलं. पुढचं नाही.

फक्त वर्षाने मान वर केली. "कशी पेत व्हती?"

शोभाबाई तिथेच रस्त्यावर ओणवी झाली. डोकं खाली, उजवा हात जमिनीवर. डावा हात मागे कमरेवर ठेवला, तळवा बाहेर.

वर्षाच्या तोंडून आवाज फुटला तो ऐकून नाक्यावरचा टेंपोवाला धावत आला. मंदाबाईची कंबर ऊसतोडीवर पडून दुखावली होती म्हणे, वर्षा लहान असताना. तेव्हापासून वाकायचं झालं की हात असाच मागे. हे सुरतेत कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. पोर शोभाबाईच्या गळ्यात पडून पोटभर रडली आणि मग टेंपोत बसली. शोभाबाई तिच्याबरोबर वस्तीवर गेली, पावसाळ्यापर्यंत तिकडेच राहून तिने घरं उभी करायला हात लावला. सरलाबाई अजून तिच्याशी धड बोलत नाही. आता तिचा जळफळाट होतो, आणि त्यालाही माझ्याकडे औषध नाही.

एक राहिलं.

शोभाबाई गेल्यावर धुडकू घरी एकटाच. हातपाय धुताना त्याच्या लक्षात आलं, मोरीत पाणी ओतलं की आवाज येत नाही. गडगड नाही, काही नाही. ओतलं की फरशी कोरडी, चाटून घेतल्यासारखी. बाहेर जाऊन बघितलं तर नळी गटारात जिथे उघडते तिथे एक थेंब नाही. बादली ओतली. थेंब नाही. त्याला वाटलं, नळी मधेच फुटली असेल, पाणी घराच्या पायात मुरत असेल. त्याने प्लंबर हिलालला बोलावलं. मी पण गेलो होतो. हिलालने भिंतीबाहेरची नळी कापली, बॅटरी लावून आत बघितलं आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

नळी कुठेच फुटलेली नव्हती. आत कोळ्याचं जाळं होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अख्खं. धूळ बसलेलं.

धुडकूने आतून पुन्हा एक बादली ओतली. जाळं हललंसुद्धा नाही.