आईच्या उशाशी

चित्रातलं घर तिचंच होतं! तोच पोचा पडलेला चहाचा समोवार, तीच कोपऱ्यातली खाट, खाटेवर अखेरच्या घटका मोजणारी आई... आणि उशाशी, आईचा हात हातात घेऊन बसलेला मुलगा, खुद्द इनोकेंती, तिचा धाकटा भाऊ केशा!

"एवढं काय काढलंय आपल्या केशाने?" या उत्सुकतेपोटी कपितोलिना खेड्यातून बर्फावरच्या घसरगाडीने पेंझा शहरात, फिरतं प्रदर्शन पाहायला आली होती. तिने चित्र पुन्हा पुन्हा न्याहाळलं. स्वतःला शोधलं... ती त्यात कुठेच नव्हती.

आंधळ्या आईचं अकरा वर्षं तिने केलं होतं. केशाला पीटर्सबर्गला चित्रकला शिकायची, मग आईपाशी कोण? म्हणून ठरलेलं लग्न तिने मोडलं. आई गेली तेव्हा हा पठ्ठ्या प्रदर्शनात वाहवा मिळवत होता, मातीलाही आला नाही! आणि लोक म्हणत होते, याच्या कुंचल्याला खोटं ठाऊकच नाही.

इनोकेंती चित्रापाशीच उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ही... माझी ताई," तो कसाबसा म्हणाला.

"अगबाई! म्हणजे तुम्ही होता की तिथे!" एक व्यापारीणबाई पुढे सरसावली. "सांगा ना, खरंच अस्संच झालं होतं?"

माणसं गोळा झाली, कान टवकारले गेले. एका शब्दात भावाची सारी कीर्ती मातीला मिळाली असती! कपितोलिनाच्या काळजात वणवा पेटला होता...

"अस्संच झालं होतं," ती म्हणाली.

ती घरी परतून तव्यावर ब्लिनीची पातळ धिरडी घालते न घालते तोच तो मागोमाग आला. मोठ्या उपासाआधीचा क्षमेचा रविवार होता. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढे वाकतात. इनोकेंतीने लोटांगणच घातलं.

"क्षमा कर, ताई! माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोललीस..."

ती पीठ ओतत राहिली.

"ताई... जाताना काय म्हणाली गं ती?"

आई गेल्यानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने हे विचारलं! तिच्या हातातली पळी थांबली.

"सारखं एकच, 'केशा आला का?' शेवटी मी तिचा हात धरला नि म्हटलं, 'आलाय आई, हा काय, उशाशी बसलाय.' तिने माझी बोटं चाचपली, हुंगली. 'रंगाचा वास येतोय,' म्हणाली, हसली... आणि गेली. रंग कुठला रे! कांदा चिरून आले होते मी."

"ताई!"

"मी खोटं नाही बोलले, केशा. आई तुझाच हात धरून गेली. माझा तिने मागितलाच नाही..."

इनोकेंतीने तिचा तो हात ओढून आपल्या डोळ्यांवर दाबून धरला. 'देव क्षमा करील, मीही केली,' असं उत्तर द्यायची रीत असते. कपितोलिनाच्या तोंडून त्यातला एक शब्दही फुटला नाही... आई गेल्यापासून प्रथमच ती मोठ्याने रडत होती.