सगळ्यांच्या प्रोजेक्टमध्ये गेलेली ओळ

“त्या ‘डिफॉल्ट’च्या खुणेला हात लावू नकोस हं,” शेजारच्या टेबलावरच्या ताईनं बजावलं होतं. “ती ज्या साच्यावर असेल, तो ऑफिसातल्या प्रत्येक नव्या प्रोजेक्टच्या माथी बसतो.”

“हो गं ताई, मी काय कुकुलं बाळ आहे?” ती हसली होती... आणि विसरूनही गेली.

या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. इथे नवा प्रोजेक्ट उघडला की एक तयार साचा मिळायचा, टेम्पलेट. फायली, सूचना, तपासण्या, सगळं जागच्या जागी. हा साचा सांभाळणाऱ्याला सगळे ‘टेम्पलेटवाला’च म्हणायचे. सोमवारी तिनं गंमत म्हणून स्वतःचा साचा केला. माहितीच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं, म्हणून लिहिलं: ‘खिडकीपाशी बसणारा टेम्पलेटवाला फार गोड आहे. पण बोलणार कोण?’ आणि घाईघाईत खालच्या सगळ्या चौकटींवर खुणा करून मोकळी झाली.

मंगळवारी ताईनं नवा प्रोजेक्ट उघडला. “अगं बये! हे काय?”

पहिल्याच पानावर तीच ओळ!

त्यानं वाचलं तर? तिनं घाईघाईनं यादी काढली. कालपासून उघडलेले नऊ प्रोजेक्ट. पहिल्यातली ओळ गायब. दुसऱ्यातलीही... आणि बघता बघता ताईच्या पानावरूनही ती पुसली गेली. पुसणारा एकच: टेम्पलेटवाला!

डिफॉल्टची खूण त्याच्या जुन्या साच्यावर परत आली होती. तिनं त्या साच्यातल्या बदलांचा इतिहास उघडला आणि वाचतच राहिली. सहा वर्षांचे शेकडो बदल, प्रत्येकापाशी एक ओळ. ‘नवीन माणूस इथे अडतो, सूचना वर घेतली.’ ‘ही फाइल रिकामी दिसते, पण हिच्यामुळे कुणाचातरी रविवार वाचतो.’ पहिल्या दिवशी तिचं सगळं कसं अलगद चालू झालं होतं! तिला वाटलं होतं, आपलं नशीब. इतकी माया... न पाहिलेल्या माणसांसाठी?

ती उठली. खिडकीपर्यंतची वीस पावलं संपता संपेनात.

“तुम्ही ते... नऊ वेळा वाचलंत?”

“दहा.” नजर स्क्रीनवर, कान मात्र लालबुंद. “एकदा उगाचच.”

“साहेबांना सांगाल?”

“काय सांगू? मी गोड आहे म्हणून?”

ती हसली. “सहा वर्षांत कुणी आभार मानले?”

“नीट चाललं की कुणाला कळत नाही. चालायचंच.”

“मला कळलं,” ती म्हणाली. “आणि ती ओळ... तुम्ही प्रोजेक्टांतून पुसलीत, मी मनातून नाही पुसणार.”

त्यानं स्क्रीनवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. “मग मीही नाही,” तो हळूच म्हणाला.

“जेवलात?”

“अं... राहिलंच.”

“तीन वाजलेत! उठा बघू आधी.”

आणि तो खरंच उठला — तिच्यामागोमाग, शहाण्या मुलासारखा.

तुमच्याही ऑफिसात असा कुणीतरी असेलच. आज तुमचं काम कुठे अडलं नाही ना? मग जरा त्याच्या टेबलापाशी जा, आणि जेवला का, एवढं विचारून या.