जागा आधी, माणूस नंतर

द्वारपालाने पुतळ्याचं डोकं उडवलं तेव्हा वाक्य अजून अर्धंच झालं होतं.

"बिहाइंड द बॅरल" एवढंच कर्नल धैर्यशील खानविलकर बोलले होते. पिंपामागे कोण उभं आहे, त्याचं काय करायचं, हे सांगायच्या आत चाकांवरचं ते यंत्र गर्रकन वळलं आणि पिंपामागच्या सरावाच्या पुतळ्यात मूठभर पोलादी सुया घुसल्या. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वज्रपेठ या खाणवस्तीत गोळी चालवायची सोय नव्हती. भिंतीला भोक पडलं की हवा जाते, आणि हवेमागोमाग माणसंही. सुई मांसात घुसते, भिंतीवर मात्र वाकते.

सुरक्षाप्रमुख खानविलकर बेहद्द खूश झाले. "मला काय म्हणायचंय ते याला कळलं कसं?"

"जित्याची खोड..." डॉ. कालिंदी बारटक्के म्हणाली आणि थांबली. द्वारपालांची श्रवणयंत्रणा तिनेच बनवली होती.

"मेल्याशिवाय जात नाही. त्याचं इथे काय?"

"मी अर्धंच बोलले, पूर्ती तुम्ही केलीत. यंत्र तेच करतं."

खानविलकरांच्या कपाळावरची आठी काही जाईना, तेव्हा तिने नीट समजावलं. वस्तीत नाना देशांची माणसं, म्हणून हुकूम इंग्रजीत. इंग्रजी वाक्यात सहसा कोण ते आधी येतं. पण जागा पुढे आणली की त्या भाषेचा नेम राहत नाही. 'बिहाइंड द डोअर ही स्टँड्स' म्हटलं तर माणूस लगेच कळतो. 'बिहाइंड द डोअर स्टँड्स अ गार्ड' म्हटलं तर तो पार शेवटी येतो. दोन्ही वाक्यं बरोबर. ऐकणाऱ्याने मात्र टोकापर्यंत थांबायचं.

"तेवढ्यात माझा माणूस मरतो," खानविलकर म्हणाले.

"म्हणून तर पूर्तियंत्र बसवलं. तुमची मागची वाक्यं कशी संपली, ते त्याच्या लक्षात असतं. जागा ऐकली की उरलेलं ते स्वतःच भरतं आणि हलतं. चुकलं तर तुम्ही लगेच 'चूक' म्हणायचं, म्हणजे ते सुधारतं. काहीच बोलला नाहीत तर आपलं बरोबर होतं असं धरून चालतं. हा शब्द फक्त तुमच्याच आवाजात चालेल. तुमचा श्वास बंद पडला, तरच माझ्या."

"तो शब्द लागणार नाही," खानविलकर म्हणाले. आणि घोडं नेमकं इथेच पेंड खायला लागलं.

माणूस काही राक्षस नव्हता हो. पण एकदा बोललेला शब्द त्यांनी जन्मात मागे घेतला नव्हता. 'जागा आधी, माणूस नंतर' हा त्यांनी शिपायांना घोटून घोटून शिकवलेला नियम. जो आधी 'कोण' सांगेल त्याची सर्वांसमोर खरडपट्टी निघे. स्वतः तर जेवतानाही तसंच बोलायचे. "ऑन धिस टेबल आय सी नो सॉल्ट," असं खानविलकर म्हणाले की आचारी मीठ घेऊन धावायचे आणि पाठ फिरली की हसायचे.

मग कंपनीने खाणकामगारांचा प्राणवायू कमी केला आणि दंगल पेटली.

कामगारांचा पुढारी होता हेरंब बारटक्के, खाणीतला अभियंता आणि कालिंदीचा धाकटा भाऊ. त्याने बोलणी मागितली. ती होण्याआधीच कुणा माथेफिरूने एका शिपायाच्या मांडीत गिरमिट घातलं आणि फिरवलं. तो शिपाई ओरडत ओरडत मेला. त्यानंतर खानविलकर नियंत्रणकक्षात बसले, पडद्यांवर बोगदे बघत राहिले आणि छातीवरच्या ध्वनिग्राहकाचं बटण दाबून जागा सांगत गेले. पाइपांच्या मागे. शिडीखाली. तिसऱ्या दाराशी. सुरुवातीला वाक्य संपायचं तरी: तिथे हत्यारबंद माणूस आहे, मारा. पुढे संपवायची गरजच उरली नाही. जागेचं नाव निघालं की सुया सुटत. चंद्रावर रक्त सावकाश खाली येतं. बोगद्यांत ते लाल पावडर उधळल्यासारखं तरंगत होतं आणि त्यातून माणसं सरपटत होती.

कालिंदी शेजारी बसून बघत होती. प्रत्येक जागेच्या नावाला ती पडद्यावर हेरंबला शोधे, कारण तो त्यातल्याच कुठल्या तरी जागी होता.

मग पडद्यावर भटारखाना दिसला. टेबलांखालून आचारी बाहेर येत होते. त्यांना जाऊ द्यावं असं खानविलकरांच्या खरंच मनात होतं.

"इन द कँटीन आर द..."

पुढचा शब्द 'कुक्स' होता. तो निघायच्या आत त्यांच्यातली शेवंता गुरव पालथी पडली. तिच्या हातात उलथनं होतं. यंत्राच्या लेखी हातातली वस्तू म्हणजे हत्यार. तिच्या मागचे दोघे झारे हातात असतानाच गेले. भांडी घासणारा तेवढा वाचला, हात रिकामे होते म्हणून.

"साहेब, 'चूक' म्हणा," कालिंदी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. नाही तर तुमच्या तोंडून आलेली प्रत्येक जागा म्हणजे मरण, एवढंच ते धरून बसेल."

खानविलकरांचा अंगठा बटणावर होता. चेहरा पांढराफटक पडला होता. "माझा प्रत्येक शब्द मुद्रित होतोय, डॉक्टर. मी चूक म्हटलं तर उद्या चौकशीत तेच वाजवतील."

"ती तुम्हाला मीठ आणून द्यायची हो."

त्यांनी अंगठा उचलला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली: पूर्ती बरोबर.

कालिंदीला तेव्हा त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला. आणि तेवढाच स्वतःचाही, कारण गप्प बसणं म्हणजे होकार, हे यंत्राला शिकवलं होतं तिनेच.

शेवटी कामगार प्राणवायू-दालनात कोंडले गेले. दालनाला दार एकच, आणि दाराबाहेर सहा द्वारपाल. पृथ्वीवरून हुकूम आला की हिंसा थांबवा, शरणागती घ्या. लगेच बिनतारीवर हेरंबचा आवाज आला.

"ताई, आम्ही दार उघडतोय. जखमींना झोळ्यांत घेतलंय. फक्त यंत्रांना सांग, मारू नका म्हणावं."

झोळ्या धरलेल्या हातांचं यंत्र काय करेल, ते कालिंदीला लख्ख दिसलं. "साहेब, त्यांना परत आत जायला सांगते. तुम्ही आधी 'होल्ड फायर' म्हणा. दालनाचं नाव घेऊच नका."

"नियम माझा आहे. जागा आधी."

"अहो, नाव घेतलंत की ती माणसं संपली. पूर्ण वाक्य ऐकतंय कोण?"

"सगळं ऐकेल. मी बोलतोय." खानविलकरांनी बटण दाबलं. पडद्यावर दालनाचं दार हलायला लागलं होतं. फटीतून आधी हेरंब दिसला. झोळीचं एक टोक त्याच्या खांद्यावर होतं आणि दोन्ही हात त्यात गुंतलेले होते.

"इन द..."

कालिंदीने त्यांच्या तोंडावर झेप घेतली. खुर्ची उलटली. त्यांचे दात तिच्या तळव्यात रुतले, तरी तिने हात काढला नाही. खानविलकरांनी कमरेचं सुईपिस्तूल उपसलं आणि त्याच्या दस्त्याने तिच्या कानशिलावर मारलं, मग जबड्यावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच ऐकला. ती जमिनीवर कोसळली आणि रक्ताचे थेंब तिच्या मागून सावकाश खाली आले.

खानविलकर धापा टाकत उभे राहिले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या अंगावर हात टाकायची कुणाची छाती झाली नव्हती. एका हातात पिस्तूल होतं. दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर तसाच घट्ट दाबलेला होता, आणि हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"इन माय कंट्रोल रूम," ते गरजले.

'आय गिव्ह द ऑर्डर्स' असं त्यांना म्हणायचं होतं. कालिंदीला ते कळलं. कुणालाही कळलं असतं.

कक्षाच्या दाराशी त्यांचा खास द्वारपाल उभा असे. तो गर्रकन वळला. त्याने जागा ऐकली होती, आणि त्या जागी हातात वस्तू घेतलेलं एकच माणूस उभं होतं. सुया छातीतून गळ्यापर्यंत चढत गेल्या. कर्नल मागे फेकले गेले, पडद्यावर आदळले आणि हळूच खाली घसरले. शेवटपर्यंत त्यांची नजर यंत्रावर होती, हाताखालच्या माणसाने उलट उत्तर दिल्यावर असावी तशी.

श्वास थांबला. अधिकार बदलला. पडद्याने कालिंदीला प्रथमच विचारलं: पूर्ती बरोबर होती?

ती कोपरावर रेलून त्या अक्षरांकडे बघत राहिली. शेवंताचं उलथनं तिच्या डोळ्यांपुढे आलं. बरोबर होती, शंभर वेळा बरोबर होती, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. त्यासाठी बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी यंत्राने तेच धरलं असतं.

दुसऱ्या पडद्यावर हेरंब झोळी घेऊन द्वारपालांच्या पुढ्यात येऊन थांबला होता. "ताई, पुढे येऊ का?" त्याने विचारलं. सहाही नळ्या त्याच्या हातांवर रोखलेल्या होत्या.

"चूक," कालिंदी म्हणाली. जबडा मोडलेला असल्याने ते तिला दोनदा म्हणावं लागलं.

यंत्राने हा शब्द आजवर कधी ऐकलाच नव्हता. ते क्षणभर अडखळलं. मग एक पूर्ती चुकली तर तिच्यासारख्या सगळ्याच चुकल्या, असा हिशोब लावून ते मागे मागे गेलं. पाइपांच्या मागे, शिडीखाली, भटारखान्यात. एकेका जागेपुढची हिरवी अक्षरं पुसली गेली. वज्रपेठेतल्या साऱ्या द्वारपालांच्या नळ्या खाली झुकल्या आणि हेरंब त्यांच्यामधून जखमीला घेऊन चालत आला.

एका शब्दाचं तर काम होतं.