सात नंबर बंद होता

ही गोष्ट कुणी रचलेली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलीये, आणि ताईला तिखटमीठ लावून सांगता येत नाही. अंगात सणकून ताप असला तरी "जरा कोमट वाटतंय" म्हणणारी बाई ती.

भुताला रात्रच लागते, हे आधी डोक्यातून काढून टाका.

हे सगळं घडतं सकाळी. अकरा वाजून वीस मिनिटांनी. बाहेर लख्ख ऊन असतं.

जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं छोटं ऑफिस आणि त्यातल्या दोन आवाजबंद खोल्या. तिथे अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचणारे आत बसतात, ताई बाहेर मिक्सरपाशी. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, बारा माइकचे आवाज एकत्र करणारा.

तिला हे काम तिथे वर्षानुवर्षं मिक्सर सांभाळणाऱ्या मास्तरांनी शिकवलं. हाताला धरून, लेकीला शिकवावं तसं.

मास्तरांचा एक नियम होता. जो माइक वापरात नाही, त्याचं चॅनेल रेकॉर्डिंगआधी बंद करायचं. उघड्या, रिकाम्या चॅनेलमधूनही बारीक सरसर येत राहते, आणि ती सगळी मिळून वाचणाऱ्याच्या आवाजावर धुळीसारखी बसते.

"अकरा तोंडं गप्प केली की बारावं नीट ऐकू येतं," मास्तर म्हणायचे. "घरी एकच गप्प करायचंय, तेवढं जमत नाही."

दुपारचा डबा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे त्यांची बायको, मागे उभ्या असायच्या. घरातलं ते एक तोंड मास्तरांचंच, हे त्या सगळ्यांना खुशाल सांगून टाकायच्या.

त्या सोमवारी अकराच्या सुमाराला पहिल्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका वाचत होत्या. दुसऱ्या खोलीतल्या माइकचा स्टँड सैल झाला होता. तो आवळायला मास्तर आत गेले. जाताना "मी आत आहे गं" म्हणाले. ताईने मान डोलावली.

मग सवयीने तिचा हात बटणांवरून फिरला. जे वापरात नाही ते बंद.

दुसऱ्या खोलीतला माइक सात नंबरवर होता.

तोही बंद.

तासाभराचं रेकॉर्डिंग झालं. इतकं स्वच्छ की मास्तरांना ऐकवावं म्हणून ती कौतुकाने उठली. जाडजूड दार ओढून उघडलं...

मास्तर जमिनीवर पडले होते. स्टँड खाली ओढून माइक त्यांनी तोंडाशी घेतला होता.

हृदय, डॉक्टर म्हणाले. लगेच गेले नसावेत. पाच-दहा मिनिटं शुद्ध असेल.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी ताईला एवढंच विचारलं, "शेवटचं काही बोलले का गं? तुझं मशीन तर चालू होतं."

"नाही काकू. सात नंबरवर काही आलं नाही."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते तिला सलत राहिलं. घरी आली की आपल्या तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायची आणि थोपटता थोपटता हात थांबायचा. बाळ रडलं की तिला आधी हायसं वाटायचं. रडतंय, म्हणजे ऐकू येतंय.

महिन्याभराने रेकॉर्डिंग नापास होऊन परत यायला लागली. ऑफिसच्या मोठ्या बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा झापलं. मागे खरखर येते, पहिल्यांदाच मिक्सरपाशी बसल्यासारखं काम करू नकोस.

ताईने तपासलं. खरखर रोज एकाच वेळी सुरू होत होती, अकरा वीसला.

दुसऱ्या दिवशी तिने एकच माइक उघडा ठेवला. बाकी अकरा बंद. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, शून्यावर. सात नंबरची केबल तर उपटून टेबलावर ठेवली.

अकरा वीस झाले...

सात नंबरवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

केबल तिच्या डोळ्यांसमोर टेबलावर पडलेली होती.

बंद चॅनेलमध्ये काय चाललंय हे फक्त हेडफोनमध्ये ऐकायचं एक वेगळं बटण असतं. ताईने ते दाबलं.

आधी नुसती सरसर. मग...

टक. टक.

माइकवर नखाने दोन टिचक्या. मास्तर माइक असाच तपासायचे.

"ऐकू येतंय का, पोरी?"

ताई उठून धावली. दुसरी खोली रिकामी. दिवे बंद. पण स्टँड, जो तिने आदल्या संध्याकाळी स्वतः उभा करून आवळला होता...

तो जमिनीपर्यंत वाकलेला होता.

मग रोजच. सात वेळा तोच प्रश्न, मग श्वास, मग काहीच नाही. ती आतल्या खोलीत बोलायच्या माइकवरून सांगायची, येतंय मास्तर, येतंय. दारात उभी राहून ओरडायची. पलीकडे काही पोचायचं नाही. एकदा ती सव्वाअकरालाच आत जाऊन स्टँड धरून बसली. तेव्हा स्टँड वाकला नाही. पण बाहेर हेडफोन घालून बसलेल्या शिक्षिकांनी विचारलं, "तुम्ही आत रडत का होता? आणि तुमच्याबरोबर आत दुसरं कोण बोलत होतं?"

शेवटी तिने काकूंना बोलावलं. जे त्यांच्या वाट्याचं होतं, ते तिच्या एकटीच्या कानात किती दिवस राहणार?

काकूंनी हेडफोन लावले. अकरा वीस झाले. दिवा लागला.

काकूंचा चेहरा हलला नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "येतंय हो. येतंय." शेजारच्या खोलीतल्या माणसाला म्हणावं तसं. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा.

चार मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढले.

"आपलं त्यांना ऐकू जात नाही गं."

"काकू, सात नंबर मीच बंद केला होता."

काकूंनी हेडफोनची वायर हाताला गुंडाळली, मास्तर गुंडाळायचे तशी. नीट, वेळ घेऊन. माफ केलं म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही नाही.

"उद्याही याच वेळेला ना?" एवढंच विचारलं.

काकू रोज येऊ लागल्या. डबा घेऊन. दीड महिना.

मग खरखरीला वैतागून मोठ्या बाईंनी नवा मिक्सर आणवला. जुना भंगारात गेला, ताईला कळायच्या आधीच. नव्याला आठच चॅनेल. दुसऱ्या खोलीचा माइक आता दोन नंबरवर आहे. सातला काहीच जोडलेलं नाही.

काकू त्या दिवशीही आल्या. हेडफोन मांडीवर घेऊन बसल्या. मिक्सर बसवणाऱ्याने ताईला सांगितलं, वापरात नसलेली चॅनेल बंद ठेवत जा, म्हणजे आवाज स्वच्छ येईल.

त्या दिवशी वाचणारे दुसऱ्या खोलीत होते, म्हणून दोन नंबर उघडा. ताईने एक नंबर बंद केला. तीन, चार, पाच, सहा. आठ.

अकरा वीस...

सातवर दिवा लागला.

मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. "तेवढं राहिलं बघ," त्या म्हणाल्या.

ताईचं बोट बटणावर होतं. काकू तिच्याकडे बघत होत्या.

पुढे काय केलंस, हे मी तिला तीनदा विचारलंय. ती बाळाला थोपटत राहते, आणि हात मधेच थांबतो.