रडून घे

बोरी अरबजवळच्या तांड्यात माणूस गेलं की भेटायला आलेल्या बाईच्या गळ्यात पडून चालीवर रडायची रीत आहे. गेलेल्याची एकेक गोष्ट त्या रडण्यात ओवायची. पण एकोणीस वर्षांची बबिता तापानं गेली तेव्हा तिच्या आईनं, लालीबाईनं, तोंडच उघडलं नाही. शेवटी लखीरामनंच बायकोला समजावलं. सप्ताहातलं एक कीर्तन न चुकवणारा भाविक माणूस तो. "बुवा सांगत होते, रडून घेतलं का जीव हलका होते. रडून घे वं."

लालीबाई रडू लागली. पहिल्या दिवशी शेजारणीच्या गळ्यात पडून तिनं पोरीच्या भुवईवरचा व्रण गायला. लहानपणी बैलबंडीवरून पडली होती. सांजच्याला लखीराम फोटोला हार घालायला गेला, तर भुवई साफ. काचेवर धूळ असेल म्हणून त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली. व्रण नव्हताच.

मग ती पोरीचं हसणं रडली. लखीरामच्या मोबाईलमध्ये बबिता बकरीच्या पिल्लामागं खिदळत धावायची. आता पिल्लू ओरडत होतं, पावलं वाजत होती. पोरीचं तोंड उघडं, आवाज नाही.

मग राखी. पुण्याहून लेकाचा, शामचा फोन आला तेव्हा लखीराम बोलून गेला, "औंदा तुयं मनगट सुनं राहीन रे."

"मले कधी कोनं राखी बांधली, बा?" शाम हसला.

लखीराम फोन ठेवून बायकोपुढं जाऊन बसला. "पुरे कर वं. पोरगी सरून राह्यली आपली."

"तुमीच म्हनलं ना, रडून घे म्हनून? हलकं लागते मले." तिचा चेहरा खरंच निवला होता. "नाव तेवढं राह्यलं. ते जमनीच्या गळ्यात रडीन."

जमनी तिची सख्खी बहीण, नेरला दिलेली. गुरुवारी दुपारी ती एसटीतून उतरल्याचं कळलं आणि लखीराम वावरातून पळत सुटला, पोरीचं नाव जपासारखं घोळवत.

दारात दोघी गळ्यात गळा घालून उभ्या होत्या.

"लाली, नको!"

सूर उंच गेला.

थांबला.

लालीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "बस वं जमने. आज कशी आठवन आली?"

"सहजच. शामचं लगन जमवा आता. एकुलतं एक लेकरू तुमचं."

लखीराम उंबऱ्यात उभा. ओठ हलत होते, काय म्हणायचं ते सापडत नव्हतं. गालांवरून पाणी ओघळून सदरा भिजला होता.

लालीबाई जवळ येऊन निरखू लागली. "डोये आले वाट्टे तुमचे. साथ हाये जनू."

"असन," तो म्हणाला.

बाहेर नळावरच्या बायाही पदरानं डोळे पुसत होत्या.