वासाला बारापैकी अकरा

नमुना क्रमांक ५८२. चाखणार: मी. वेळ: सकाळी साडेदहा.

वास (बारापैकी): ——

वास आधी लिहायचा असतो. रंग कुठं पळून जात नाही, चव घोटाघोटाला परत भेटते, वास मात्र पळपुटा. ग्लास हलवायचा, वर तळहात ठेवायचा, हात काढायचा आणि पहिल्या श्वासात जे सापडेल ते लिहून टाकायचं. विचार करायचा नाही. विचार केला की वास जातो आणि आठवण येते.

तर — आठवण.

तो मला पहिल्यांदा भेटला जिन्यात. संत्रं सोलत होता.

चाखण्याच्या दिवशी आमच्या ब्रूअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, कुणी संत्रं सोलत नाही. कॉफी नाही, अत्तर नाही, हाताला क्रीम नाही. मी वर चढत होते, तो खाली उतरत होता. वळणावर समोरासमोर आलो आणि सालीतला बारीक फवारा थेट माझ्या चेहऱ्यावर.

"सॉरी, सॉरी. डोळ्यात गेलं का?"

"नाकात गेलं."

"मग ठीक आहे."

"ठीक कसं? मी नाकावर पोट भरते."

त्यानं सालीकडे पाहिलं, मग माझ्या नाकाकडे. फार वेळ.

"म्हणजे तुम्ही त्या... ज्यांनी मागच्या ब्रूअरला रडवलं?"

"त्यांच्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. मी फक्त लिहिलं. रडले ते आपणहून."

"मी नवा ब्रूअर," तो म्हणाला. "उद्यापासून रडेन. आज एक फोड घ्या."

"तासाभरात चाखायचंय मला."

"मग तासाभरानं?"

मी तशीच वर गेले. त्या दिवशी चारही बिअरना संत्र्याचा वास आला. चारही फॉर्म फाडावे लागले.

रंगरूप (तिनापैकी): ३

घासलेल्या तांब्याचा रंग, किंचित धूसर. फेस दाट, उतरताना ग्लासला धरून धरून उतरतो. तीनपैकी तीन. इथं वाद नाही.

त्याचं रंगरूप फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. तरी — गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कानामागे पेन, आणि ते पेन शोधण्यासाठी सगळे खिसे तपासण्याची सवय. पहिल्या आठवड्यात त्यानं एक साधी हलकी बिअर चाचणीला दिली. मी शेऱ्यात दोनच शब्द लिहिले: 'घाई दिसते.'

दुपारी दारात उभा.

"घाई चवीला कशी लागते हो?"

"कच्च्या सफरचंदासारखी. दोन दिवस आधी काढलीत ना?"

त्यानं कानामागचं पेन काढलं, परत ठेवलं. "दीड."

तेव्हापासून तो रोज दुपारी यायचा. मी ग्लास धुवायची — आमच्याकडे चाखणाऱ्यानं आपले ग्लास आपणच धुवायचे, नुसत्या गरम पाण्यानं, साबणाचा वास राहतो म्हणून — आणि तो चौकटीला टेकून विचारायचा, "आज मी कसा होतो?" मी म्हणायची, "सरासरी." तो हसून जायचा. मग मी तोच एक ग्लास तीनदा धुवायची.

सहा आठवडे असे गेले. मग ती आली.

वास (बारापैकी): ४ *(खोडलं)*

ती हॉप्स पिकवते. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी हिरवी फुलं, बोटाच्या पेराएवढी, खवल्याखवल्यांची. आमच्या मालकीणबाईंना यंदा एक जोरदार बिअर हवी होती, साडेआठ टक्के अल्कोहोलची, नेहमीच्या दुप्पट हॉप्सची. बिअर टाकीत मुरत होती, शेवटचे हॉप्स तेवढे घालायचे होते; त्यासाठी ही बाई नवी जात घेऊन स्वतः गाडी चालवत आली. उंच. उन्हानं रापलेली. खांद्यावर पोतं आणि ओठांवर हसू, दोन्ही सहज उचललेलं.

मी कोल्ड रूममध्ये जुने नमुने घ्यायला गेले होते. दार अर्धं उघडं.

हॉप्स पारखायचा एक रिवाज आहे. फूल दोन तळव्यांत चोळायचं, तळवे उघडायचे, नाक घालायचं. प्रत्येकानं आपापल्या तळव्यांत. तिनं चोळलं. आणि ओंजळ त्याच्यापुढे धरली. आणि तो वाकला.

एक श्वास. दोन. तीन.

मी नमुने न घेताच परत आले.

"काहीतरी करपतंय," त्या संध्याकाळी ताई म्हणाली. आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. "मी भाजी बघते, तू स्वतःकडे बघ."

"मला काय झालंय?"

"आल्यापासून चौथ्यांदा त्या बाईच्या गाडीचा रंग सांगितलास."

"गाडी पिवळी आहे, ताई. पिवळी."

"पाचव्यांदा."

आठवडाभर ती पिवळी गाडी आमच्या फाटकात. आठवडाभर त्याच्या शर्टाला तो वास: पिकला आंबा, देवदाराची साल, आणि मागे काहीतरी तिखट, ओळखीचं. दुपारी तो यायचा राहिला. एकदाच आला, तो तिला ग्लास धुण्याची जागा दाखवायला. ती म्हणाली, "ह्याच का त्या प्रसिद्ध बाई?" आणि हात पुढे केला. माझे हात ओले होते. तिनं ओलाच हात हातात घेतला. असल्या माणसाचा रागसुद्धा नीट करता येत नाही.

चव (विसापैकी): ——

नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. टेबलावर दोन ग्लास होते. तीनशे सोळा, म्हणजे आपल्या जुन्या हॉप्सची बिअर. ती एका घोटात ओळखली. आणि पाचशे ब्याऐंशी. हात काढला आणि पहिल्याच श्वासात ती पिवळी गाडी आत आली.

आंबा. देवदार. आणि त्यामागे — कांदा.

चिरून ठेवलेला, दुपारपर्यंत तसाच राहिलेला कांदा. हॉप्स उशिरा काढले की असा येतो. मी चार लिहिलं.

मग हात थांबला.

मला ज्यांनी शिकवलं ते फेसकाका शेजारी बसले होते. मिशीला कायम फेस, म्हणून फेसकाका. त्यांचा एकच नियम: ज्याच्यावर राग आहे त्याच्या हातचं चाखायचं नाही. फॉर्म कोरा ठेवून उठायचं. कुणी कारण विचारत नाही. पण काका विचारणार. मालकीणबाई तर विचारणारच. आणि काय सांगणार — की वाकला म्हणून?

उठले नाही. परत वास घेतला. कांदा. घोट घेतला. जोर छान, छातीत ऊब, कडूपणा लांबवर टिकणारा... आणि शेवटी जिभेच्या मुळाशी कांदा.

खरंच आहे का गं तो? की तुला हवाय म्हणून आहे?

मी काकांकडे पाहिलं. काका सर्दीनं बेजार, नुसते नाक ओढत होते. मालकीणबाईंनी मान डोलावली. त्यांना जोरदार असलं की सगळंच आवडतं. कांदा फक्त मला येत होता. आठवडाभर पोटात जळणाऱ्या बाईला.

सूड उगवणारी चाखणारी व्हायचं नव्हतं मला. म्हणून न्याय केला. चार खोडलं.

वास ११. रंगरूप ३. चव १७. तोंडातला भरीवपणा ४. एकूण परिणाम ८.

पन्नासपैकी त्रेचाळीस. पस्तिसाला बिअर पास होते. सही केली आणि मला फार थोर वाटलं. साधारण पाऊण तास.

तोंडातला भरीवपणा (पाचापैकी): ४

दुपारी तो आला. चौकटीला टेकला नाही. सरळ आत आला आणि माझा फॉर्म नळाच्या बाजूला, कोरड्या जागी ठेवला.

"वासाला बारापैकी अकरा."

"हो."

"मला सहा आठवड्यांत सातच्या वर दिलेलं नाही तुम्ही."

"सुधारलात."

"कांदा नाही आला?"

मी ग्लास धुवायला घेतला. तो धुतलेला होता.

"हे बघा," तो म्हणाला, "तीन दिवस मला टाकीतून कांद्याचा वास येतोय. तिला येत नाही, मालकीणबाईंना येत नाही. मी डॉक्टरकडे जाणार होतो. मग म्हटलं, स्वतःच्या बिअरबाबत आपल्या नाकावर कशाला विसंबायचं, धाकधुकीत कसलाही वास येतो. मालकीणबाईंना सांगितलं — आपल्या चाखणाऱ्या बाई म्हणतील तसं. त्या पास म्हणाल्या तर उद्या बाटल्या भरू. माझी इथली पहिली मोठी बिअर आहे ही." तो थांबला. "तुमच्या नाकावर सोडली होती मी. आणि तुम्ही... तुम्ही मला खोटे मार्क दिलेत का?"

आता दोनच रस्ते होते. कांदा नाही म्हणायचं. मग उद्या हजार लिटर कांदा त्याच्या नावानं गावभर जाणार, आणि तो स्वतःचं नाक तपासायला डॉक्टरकडे. किंवा आहे म्हणायचं. मग तो विचारणार, लिहिलं का नाही. आणि त्याचं उत्तर या जगात एकच होतं.

"आला," मी म्हटलं. "पहिल्याच श्वासात."

"मग?"

"मला वाटलं, तो बिअरचा नसेल. माझाच असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे — मी जळत होते हो. आठवडाभर. जळणाऱ्या माणसाला गुलाबालाही कांदा येतो. तुमच्यावर अन्याय नको म्हणून मी उलटं लिहिलं."

"कशावरून जळत होतात?"

"तुम्ही तिच्या ओंजळीत नाक घातलंत."

तो गोंधळला. "ते... हॉप्स पारखायचे असतात."

"आपापल्या ओंजळीत पारखायचे असतात. शिवाय पारखायला एक श्वास पुरतो. तुम्ही तीन घेतलेत."

"मोजलेत?"

"माझं कामच आहे ते."

तो नळाशेजारच्या स्टुलावर बसला. कानामागे हात गेला. पेन तिथं नव्हतं, हातातच होतं.

"पहिल्या श्वासात मलाही शंका आली," तो म्हणाला. "दुसरा खात्री करायला."

"आणि तिसरा?"

गरम पाणी नुसतं वाहत होतं. मी ते बंदही करेना.

"तिसरा... ती छान हसत होती तेव्हा."

असं मेलं खरं बोलतं का कुणी? मला वाटलं, ग्लास फोडावा. पण ग्लास माझाच होता आणि धुवायला लागायचा मलाच.

"तुम्हाला खरं आवडतं ना," तो घाईनं म्हणाला, "म्हणून सांगितलं. एक दिवस आवडली. दोन दिवस. मग ती माझ्या प्रत्येक गोष्टीला 'वा' म्हणायला लागली, आणि मला कसंतरी व्हायला लागलं... दुपारी इकडे यायचं तर तोंड कुठलं? बिअरला कांदा येतोय आणि विचारायचं, आज मी कसा होतो? त्या 'घाई दिसते'चा दोन दिवस राग होता मला तुमच्यावर. तिसऱ्या दिवशी राग शोधायला गेलो तर जागेवर नव्हता. भलतंच काहीतरी बसलं होतं तिथं."

"काय?"

"ते तुम्ही ओळखा. नाक तुमचं आहे."

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं. हात ओला, अक्षर फुटलं, तरी लिहिलं: वास ४. चव ९. एकूण परिणाम ४. बेरीज चोवीस. नापास. खाली नवी सही.

त्यानं चोवीसकडे असं पाहिलं, जसं कुणी बक्षिसाकडे पाहावं.

एकूण परिणाम (दहापैकी): ४

मालकीणबाईंनी फॉर्मची बेरीज स्वतः करून पाहिली, मग म्हणाल्या, "ओता," आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

टाकीचा नळ त्यानं उघडला. मी दुसऱ्या बाजूला उभी. तांब्याच्या रंगाचं पाणी गटाराच्या जाळीकडे धावलं, बुटांना फेसाचे पांढरे मोजे चढले, आणि सगळ्या हॉलभर आंबा, देवदार, कांदा. आता लपायला जागाच नसल्यासारखा कांदा. फेसकाका सर्दीतही दारात येऊन म्हणाले, "कोण जेवतंय रे?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव दिसलं. अर्थात मी पाहिलं.

"उचला," मी म्हटलं.

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोरच. आणि स्पीकरवर टाका, मलाही ऐकू येईल असं."

"काय झालं माझ्या बाळाचं?" तिचा आवाज हॉलभर पसरला. बाळ म्हणजे हॉप्स. बहुतेक.

"नापास झालं. यंदाची तोडणी उशिरा झालीय. मी ओततोय."

"ओततोयस? कुणी नापास केलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कानापासून मानेपर्यंत लाल झाला.

"जिच्याबरोबर मी आज संध्याकाळी फिरायला जाणार आहे," तो म्हणाला, "तिनं."

मी त्याच्या जवळ सरकले.

"मला हे कधी विचारलंत?" मी हळू म्हटलं.

"आत्ता."

"हे विचारणं झालं?"

"तुम्हाला विचारायला धीर होत नव्हता. तिला सांगणं सोपं होतं."

आणि ती हसली. ती हसली हो, हजार लिटर वाया गेलेले असताना. "ती नाकवाली ना? मग बरोबरच असेल रे तिचं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लवकर तोडते. आणि ऐक, तिला सांग..."

हसणं खरंच छान होतं. फोनमधूनसुद्धा पोचत होतं. मेली.

"सहा वाजता," मी त्याला म्हटलं. "उशीर मला चालत नाही." मग त्याच्या हातातून फोन घेतला, तिला म्हटलं, "नक्की सांगते मी मला," आणि अगदी सभ्यपणे तो बंद केला.